काँक्रीटमध्ये रुतून वाचलेली युद्धनौका

जपानमध्ये योकोसुकाच्या समुद्रकाठी मिकासा पार्क आहे. हिरवळ, कारंजी, अ‍ॅडमिरल तोगो यांचा पुतळा आणि त्यामागे सव्वाशे मीटरहून लांब अशी अख्खी युद्धनौका. इंग्लंडमधल्या बॅरो इथे विकर्सने बांधलेली ‘मिकासा’ १९०२ साली जपानी आरमारात आली. २७ मे १९०५ रोजी सुशिमाच्या सामुद्रधुनीत रशियाच्या बाल्टिक आरमाराची धूळधाण उडाली, तेव्हा तोगोंचे निशाण हिच्यावरच फडकत होते. आज तिच्या बुडाखाली पाणी नाही, काँक्रीट आहे. आणि माझ्या मते ती टिकली ती त्यामुळेच.

युद्धनौकांवर मर्यादा घालणाऱ्या १९२२ च्या वॉशिंग्टन करारानुसार ती मोडीत निघायची होती. काँक्रीटमध्ये रोवलेली ही पुन्हा लढणार नाही याची खात्री मिळाल्यावर इतर राष्ट्रांनी संमती दिली आणि १९२६ साली ती स्मारक झाली. म्हणजे काँक्रीट ही आधी निःशस्त्रीकरणाची अट होती, मग जतनाचा उपाय ठरली. तरंगते जुने जहाज गंजाशी रोज झुंजते आणि त्या झुंजीचा खर्च कधी संपत नाही. भारताच्या जुन्या विमानवाहू ‘विक्रांत’चे काय झाले ते मुंबईने पाहिलेच आहे. मुंबई बंदरातल्या ऑयस्टर रॉकजवळ तिला कायमची बसवण्याचा बेत कागदावर राहिला, २०१२ साली तिच्यावरचे संग्रहालय बंद झाले आणि २०१४ मध्ये मुंबईतल्याच दारूखाना भागात ती तोडली गेली. तिच्या पोलादाचा अंश पुढे मोटारसायकलीत उतरला. हेही एक स्मारकच म्हणायचे!

यावर कोणी म्हणेल की मिकासा तरी खरी कुठे उरली? आक्षेप खोटा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्या तोफा आणि वरचे बांधकाम काढून टाकले गेले, डेकवर नाचघर आणि मत्स्यालय थाटले गेले. १९५५ साली मूळच्या बॅरोच्या एका इंग्रजाने ‘जपान टाइम्स’ला पत्र लिहून या दुर्दशेकडे लक्ष वेधले. जपानी आरमाराला हरवणारे अमेरिकी अ‍ॅडमिरल निमिट्झही तिच्यासाठी पुढे सरसावले. जपानमध्ये तोडल्या जात असलेल्या चिलीच्या एका युद्धनौकेचे भाग तिला मिळाले आणि २७ मे १९६१ रोजी ती पुन्हा खुली झाली. आजच्या तोफा नकली आहेत. पण ही ठिगळे लपवण्यासारखी नाहीत. पराभव, उपहास आणि शत्रूचा आदर यांची नोंद त्यांच्यातच आहे.

युद्धाचे उदात्तीकरण हा दुसरा आक्षेप जास्त जड आहे. सुशिमाच्या ज्या विजयाने हिंदुस्थानातल्या स्वातंत्र्यवाद्यांना हुरूप आला, त्याच विजयाने कोरियाचा गळा आवळला. १९१० साली जपानने तो देश गिळला. पुतळ्याकडे पाहून हे कळत नाही, ते सांगावेच लागते. मात्र विजयाची दुसरी बाजू सांगायला या नौकेइतका चांगला साक्षीदार नाही. सप्टेंबर १९०५ मध्ये रशियाशी शांतता करारावर सह्या झाल्या आणि सहाच दिवसांत सासेबो बंदरात दारूगोळ्याच्या स्फोटाने मिकासा बुडाली. सुशिमात साऱ्या जपानी आरमाराची जेवढी माणसे पडली, त्याच्या दुपटीहून जास्त त्या एका रात्रीत, बंदरात उभ्या जहाजात गेली.