गळपट्टा : विणकामाचा कित्ता

अक्षर वळणदार व्हावें म्हणून लहान मुलाच्या हातीं जसा कित्ता देतात, तसा विणकाम शिकणाराच्या हातीं प्रथम गळपट्टा द्यावा, असें आमचें मत आहे. मोजा विणावयास घेतला तर टांच वळविण्याची अडचण येते. स्वेटरास बाह्या, गळा व अंगाचें माप लागतें. गळपट्टा ही केवळ एक सरळ, लांबट पट्टी आहे. रुंदी बोटभर कमीजास्त झाली, तरी तो गळ्याभोंवतीं बसतोच. मापाची चिंता नसल्यामुळें शिकणाराचें सर्व लक्ष टांक्याकडे राहतें, आणि एकच ओळ पुनःपुन्हां विणल्यानें हातास वळण लागतें.

गळपट्ट्यांचे नमुने विनामूल्य देण्याची चाल जुनी आहे. पहिल्या महायुद्धांत, 1917 सालीं, अमेरिकन रेड क्रॉस संस्थेनें सैनिकांसाठीं विणावयाच्या कपड्यांचे नमुने छापून प्रसिद्ध केले. आणि त्याच वर्षीं स्थापन झालेल्या ज्युनिअर रेड क्रॉसच्या द्वारें शाळांतील मुलेंही या कामास लागलीं. त्यांतील गळपट्ट्याचा नमुना दोन वाक्यांत संपतो : सुईवर 50 टांके, म्हणजे 11 इंच रुंदी, घालावी, आणि 68 इंच लांबी होईपर्यंत साधें विणावें. खंदकांत थंडीनें कुडकुडणाऱ्या मनुष्यास उपयोगीं पडेल असें वस्त्र नवशिक्यासही करतां यावें, इतकी ही कृति सोपी होती.

‘साधें विणणें’ म्हणजे काय, हें नीट समजलें कीं पुढील सर्व विणी समजतात. विणकामाचे मूळ टांके दोनच : सुलट व उलट. सुलट टांक्यांत दोरा कामाच्या मागें असतो व उजवी सुई टांक्यांत पुढून मागें जाते. उलट टांक्यांत दोरा पुढें असतो व सुई मागून पुढें येते. वस्तुतः हे दोन निराळे टांके नव्हेत. सुलट टांका पाठीमागून पाहिला कीं तोच उलट दिसतो. म्हणून प्रत्येक ओळ सुलट विणली, तर काम फिरविल्यामुळें दोन्ही बाजूंस सारखेच आडवे कंगोरे उठतात व कापड सपाट राहतें. एक ओळ सुलट व एक उलट विणली, तर पुढची बाजू मोज्यासारखी गुळगुळीत होते. परंतु कडा मागें वळतात आणि वरखालचीं टोंकें पुढें वळतात. नवशिक्यास हा आपल्या हाताचा दोष वाटतो. तो दोष नव्हे. पुढची व मागची बाजू सारख्या ताणाची नसल्याचा तो परिणाम आहे. याच कारणास्तव अनेक नमुन्यांत दोन्ही कडांस तीन तीन टांके प्रत्येक ओळींत सुलट विणण्यास सांगितलेलें असतें.

आतां नमुन्यांतील आंकड्यांविषयीं. ‘4 च्या पटींत अधिक 2’ असें लिहिलेलें पाहून पुष्कळ जण गोंधळतात. स्वेटराच्या मनगटाशीं जी उभ्या पट्ट्यांची लवचिक वीण असते, तींत 2 सुलट, 2 उलट असा 4 टांक्यांचा फेर असतो. शेवटीं 2 टांके अधिक घेतले म्हणजे दोन्ही कडा सारख्या दिसतात. उदाहरणार्थ, 4 चे 9 फेर व वर 2 असे 38 टांके घ्यावे. पहिली ओळ 2 सुलटांनीं आरंभून 2 सुलटांनींच संपवावी. दुसरी 2 उलटांनीं आरंभून 2 उलटांनीं संपवावी. याउलट 35 टांके घेऊन प्रत्येक ओळ 1 सुलट, 1 उलट अशी विणून शेवटीं 1 सुलट केला, तर सुलटावर उलट येऊन दाणेदार वीण तयार होते. टांके तेच, केवळ त्यांच्या जागा बदलल्या.

याच्या पुढची पायरी शेटलंड बेटांतील प्रसिद्ध लाटांची वीण होय. तिचा फेर 18 टांक्यांचा आहे. पहिली ओळ सुलट, दुसरी उलट. तिसरींत दोन दोन टांके एकत्र विणण्याची क्रिया तीन वेळां करावी. नंतर सुईवर दोऱ्याचा एक वेढा व 1 सुलट असें सहा वेळां करावें. शेवटीं पुन्हां तीन वेळां दोन दोन टांके एकत्र विणावे. चौथी ओळ सुलट. तिसऱ्या ओळींत एकत्र विणल्यानें 6 टांके घटतात व वेढ्यांनीं 6 वाढतात, म्हणून संख्या 18 च राहते. परंतु घट होते तेथें कापड आकसतें व वाढ होते तेथें पसरतें, यामुळें लाट उमटते. कडांसह दोन फेरांस 42 टांके पुरतात. आरंभीं दर फेरानंतर टांके मोजावे, आणि जाळीच्या ओळीपूर्वीं सर्व टांक्यांतून निराळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवावा. पुढें चूक झाली, तर तेथपर्यंतच उसवावें लागतें.

उसवण्यास मात्र भिऊं नये. कापलेलें कापड पुन्हां जोडतां येत नाहीं. विणलेला गळपट्टा एकाच दोऱ्याचा असल्यामुळें लोकर जशीच्या तशी हातीं येते. पाटीवरील अक्षर पुसावें, तितकें हें सोपें आहे. जो विद्यार्थी नमुन्याच्या कागदाकडेच पाहत विणतो, त्याचा गळपट्टा पुरा होतो; परंतु जो कापडाकडे पाहून पुढचा टांका ओळखूं लागतो, त्यास विद्या येते. तीच खरी मिळकत होय.

शेवटीं एक गोष्ट सांगणें आम्हांस अगत्याचें वाटतें. विनामूल्य मिळालेला नमुना बेवारस नसतो. कोणीतरी तो विणून, उसवून, टांके मोजून लिहिलेला असतो. त्याच्या कर्त्याचें नांव पुसूं नये, आणि आपणांस आलेली वीण दुसऱ्या दोघांस शिकवावी. असें केल्यानें हें ऋण कांहीं अंशीं तरी फिटेल, इतकें सुचवून हा लेख पुरा करितों.