पडद्यावरचा ‘स्क्रू’ किती खरा?

गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींतून कॅरमचा बोर्ड सहज दिसत आला. बिलियर्ड्सचे टेबल मात्र जिमखान्यांच्या आणि क्लबांच्या भिंतींआडच राहिले. बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद टेबल दहा बाय बाराच्या खोलीत मावणारही नव्हते. विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेतेपद मिळवले. मुंबईच्या मायकेल फरेरा यांनी १९७७, १९८१ आणि १९८३ मध्ये तोच मान पटकावला. तरीही सामान्य घरातील मुलांच्या हाती ‘क्यू’ आली नाही. ती आली मोबाइलच्या पडद्यावर. मिनिक्लिप कंपनीच्या, २०१० मध्ये आलेल्या ‘एट बॉल पूल’सारख्या ऑनलाइन खेळांनी हे अंतर मिटवले. मात्र पडद्यावर पांढरा चेंडू जसा फिरतो, तसा तो खऱ्या टेबलावर फिरतो का, हा प्रश्न उरतोच. पडद्यावर शिकून पार्लरमध्ये पाऊल टाकणाऱ्याच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे.

कॅरम खेळणाऱ्याला यातील मूळ फरक चटकन कळेल. स्ट्रायकर घसरतो, चेंडूसारखा लोळत नाही. पांढरा चेंडू मात्र आधी घसरतो आणि मग लोळू लागतो. चेंडूच्या बरोबर मध्यावर क्यू लागली, तर सुरुवातीला त्याला फिरकी नसते. कापडाच्या घर्षणामुळे तो हळूहळू फिरू लागतो आणि मूळ वेगाच्या पाच सप्तमांश वेग उरला, की पूर्णपणे लोळतो. सेकंदाला दोन मीटर वेगाने मारलेला चेंडू, घर्षणांक ०.२ धरल्यास, तोवर सुमारे अर्धा मीटर घसरलेला असतो. मध्यापासून त्रिज्येच्या दोन पंचमांश उंचीवर, क्यू आडवी ठेवून, फटका बसला तर तो पहिल्या क्षणापासूनच लोळतो.

या गणितावरच सारी करामत अवलंबून आहे. घसरणारा, फिरकी नसलेला चेंडू समोरच्या चेंडूवर नेमका आदळला, तर जागीच थांबतो. लोळणारा चेंडू क्षणभर थबकून पुढे जातो. मध्याच्या खाली फटका मारून उलटी फिरकी दिलेला चेंडू मागे येतो. यालाच खेळाडू ‘स्क्रू’ म्हणतात. मात्र अंतर वाढले, की कापड ही उलटी फिरकी वाटेतच खाऊन टाकते. म्हणून दूरच्या चेंडूवरचा स्क्रू अवघड ठरतो. फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिओलिस यांनी १८३५ मध्येच या खेळाच्या गणितावर ग्रंथ लिहिला होता. धडकेनंतर चेंडूची वाट वक्र का होते, याचा हिशेब त्यात आहे.

आता पडद्याकडे वळू. वेग, फिरकी आणि घर्षण यांची समीकरणे संगणकाला कठीण नाहीत. त्यामुळे पुढे जाणारा, थांबणारा आणि मागे येणारा चेंडू बऱ्याच खेळांत पटण्याजोगा दिसतो. फरक पडतो तो बाजूच्या फिरकीत. खऱ्या टेबलावर चेंडूच्या डाव्या बाजूला फटका मारला, तर तो नेम धरलेल्या रेषेपासून किंचित उजवीकडे सरकून निघतो. क्यूचे मागचे टोक उचलले असेल, तर तो वाटेत वळतो. धडकेच्या वेळी फिरकीमुळे समोरचा चेंडूही आपल्या रेषेपासून जरासा ढळतो. साध्या खेळांत हे परिणाम वगळले जातात. बाजूची फिरकी फक्त कुशनवर आपटल्यावर जाणवते. नेमाची रेषा पडद्यावर आखून दाखवायची, तर तो चेंडू तिच्याशी प्रामाणिक राहणे सोयीचे असते.

दुसरा फरक हाताचा. पडद्यावर पांढऱ्या चेंडूच्या चित्रावर बोटाने ठिपका सरकवला, की फटका नेमका तिथेच बसतो. टेबलावर मध्यापासून त्रिज्येच्या निम्म्याहून दूर मारू पाहिले, की क्यूचे टोक निसटते; त्याला खडूही लावलेला असावा लागतो. ‘एट बॉल पूल’मध्ये तर प्रत्येक क्यूला जोर आणि फिरकी यांचे ठरावीक गुण आहेत. वरच्या दर्जाची क्यू घेतली, की फिरकी वाढते. प्रत्यक्षात चांगल्या क्यूने मदत होते, पण फिरकी येते ती मनगटाच्या सफाईतून. शिवाय मुंबईच्या पावसाळ्यात दमट झालेले कापड चेंडूला जड करते. पडद्यावरचे कापड बारा महिने सारखेच असते.

म्हणून पडद्यावरचा सराव वाया जातो असे नाही. कोणता चेंडू आधी घालवायचा, पांढरा चेंडू पुढच्या फटक्यासाठी कुठे आणून ठेवायचा, धडकेनंतर तो कोणत्या कोनात जाईल, ही समज तिथे खरोखरच येते. टेबलापाशी पहिल्यांदा उभे राहणाऱ्याने मात्र बाजूची फिरकी काही काळ विसरावी आणि चेंडूच्या मध्यावर सरळ फटका मारण्यापासून सुरुवात करावी. पडद्याने शिकवले नाही, ते नेमके हेच आहे.