नगरपालिकेच्या खर्चाची उलटतपासणी

वाण्याचें बिल वहीशीं ताडून पाहिल्याखेरीज आपल्या घरांत कोणी चुकतें करीत नाहीं. त्याच घरांतून भरलेल्या घरपट्टीविषयीं मात्र आपण इतके उदासीन कां, याचें आम्हांस नवल वाटतें. ‘अमुक लक्ष रुपये खर्चून गटार बांधलें’ असा फलक लागला, कीं तो खरा मानून सुशिक्षित गृहस्थ पुढें चालूं लागतात.

पुस्तकी विद्या फारशी नसलेल्या राजस्थानांतील मजुरांनीं तसें केलें नाहीं. मजदूर किसान शक्ति संघटनेनें २ डिसेंबर १९९४ रोजीं पाली जिल्ह्यांतील कोट किराना येथें पहिली जनसुनावणी भरविली आणि सरकारी कागद गांवकऱ्यांपुढें मोठ्यानें वाचले. अशा सुनावण्यांतून हजेरीपटावरील मृतांचीं नांवें व केवळ कागदावर पुरीं झालेलीं बांधकामें उजेडांत आलीं. १९९६ मध्यें ब्यावर येथें त्यांनीं चाळीस दिवस धरणें धरलें. पुढें २००५ चा माहितीचा अधिकार अधिनियम झाला, त्याच्या मुळाशीं ही चळवळ आहे.

त्याचा उपयोग सोपा आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावलेला, एकाच विषयाचा, दीडशे शब्दांच्या आंतील अर्ज महाराष्ट्रांत पुरतो. ‘इतका खर्च कां झाला?’ असें विचारूं नये. त्यास उत्तर मिळत नाहीं. कागद मागावे: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, ठेकेदाराचें देयक, आणि मुख्यतः मोजमाप पुस्तिका. तींत कामाची लांबी, रुंदी व जाडी नोंदलेली असते. ती नक्कल व एक टेप घेऊन घरांतील दोघांनीं सकाळीं गटारापाशीं जावें. जाडी डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून कायद्यानें कामाची पाहणी करण्याचा व मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार दिला आहे. हा भाग फारच थोड्यांस ठाऊक असतो!

तीस दिवसांत उत्तर न आल्यास पुढील तीस दिवसांत पहिलें अपील करावें. त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरें. तेथें मात्र फार थांबावें लागतें.

एक गोष्ट स्पष्ट सांगणें आम्हांस प्राप्त आहे. जमिनीचे गैरव्यवहार उघड करणारे तळेगांव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्यें खून झाला. तेव्हां घरांतील एकाच तरुणास पुढें करून वडीलधाऱ्यांनीं मागें राहूं नये. आळींतील पांचदहा घरांनीं आपापल्या नांवें तोच अर्ज द्यावा.

निविदेंतील दोषदुरुस्तीची मुदतही विचारून ठेवावी. तेवढ्या काळांत गटार फुटल्यास तें ठेकेदारानें स्वखर्चानें दुरुस्त करावयाचें असतें, आणि त्याची अनामत रक्कम तोंवर पालिकेकडेच असते.