घोड्याची चाल बिघडली? वैरणही तपासा

आळंदी (प्रतिनिधी) - ज्येष्ठ वद्य अष्टमीला संत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे आळंदीहून प्रस्थान होते. त्यापूर्वी बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व पायी आळंदीत दाखल होतात आणि सोहळ्याबरोबर पंढरपूरपर्यंत जातात. ही वाटचाल आणि रिंगणातील धाव यांत घोड्याची सारी मदार पायांवर असते. चाल बिघडली, की नाल, खिळा वा मुरगळ पाहिली जाते. ते योग्यच, परंतु कधी कधी दोष पायात नसून वैरणीत असतो. खेड तालुक्यात बैलगाड्यांपुढे धावणाऱ्या घोड्या सांभाळणाऱ्यांनी आणि वरातीचे घोडे पाळणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावयास हवे.

लंगडणे आणि झोकांडणे

वेदनेमुळे लंगडणारा घोडा दुखऱ्या पायावर भार टाकणे टाळतो, मान वरखाली करतो. मज्जातंतूंना इजा झालेला घोडा मात्र झोकांड्या खातो, खूर फरफटवतो. त्याला लहान वर्तुळात फिरविले किंवा मागे सरकविले, की हा दोष ठळकपणे दिसतो.

कडवळ व लाखोळी

हिरव्या ज्वारीवर, म्हणजे कडवळावर, दीर्घकाळ पोसलेल्या घोड्यांत मागील पाय लुळे पडणे आणि मूत्राशयाचा दाह असा दुहेरी विकार आढळतो. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात तो १९६० च्या दशकात नोंदविला गेला. लघवी ठिबकत राहणे व मांड्यांची कातडी सोलवटणे ही त्याची खूण. मज्जारज्जूची हानी झाल्यास घोडा पूर्ण बरा होणे कठीण असते. वाळलेल्या कडब्याने हा विकार सहसा होत नाही. विदर्भात पिकणारी लाखोळी सतत खाल्ल्यानेही मागचे पाय दुबळे होतात आणि धावताना श्वासाला घरघर लागते.

ऑस्ट्रेलियात एका पिवळ्या फुलांच्या रानटी तणामुळे घोडे मागचा पाय झटक्याने थेट पोटापर्यंत उचलतात. कुरण बदलल्यावर बहुतेक घोडे सुधारतात. मात्र त्यास कित्येक महिने लागतात.

कोंड्याचा अतिरेक

गव्हाच्या कोंड्यात स्फुरद अधिक व चुना कमी असतो. नेपियरसारख्या गवतातील ऑक्सलेट चुना बांधून ठेवते. हे दोन्ही सातत्याने दिल्यास शरीर हाडांतील चुना ओढून घेते. परिणामी घोडा आज या, तर उद्या त्या पायाने लंगडतो आणि चेहऱ्याची हाडे फुगतात. अशा वेळी कोंडा कमी करून लसूणघास व पशुवैद्यांच्या सल्ल्याने चुन्याचे क्षार द्यावेत.

भाविकांनीही श्रद्धेपोटी घोड्यास हरभरे, गूळ वा पेढे चारू नयेत. एकदम जास्त धान्य पोटात गेल्यास खुरांच्या आत दाह होऊन घोडा कायमचा अधू होऊ शकतो.

काय करावे?

* प्रथम खूर व नाल तपासावे.
* संशयित वैरण तत्काळ थांबवावी. तिचा नमुना जपून ठेवावा.
* घोड्यावर स्वार होऊ नये, त्याला पळवू नये. घसरणार नाही अशा जागी बांधावे.
* चालीचे मोबाईलवर चित्रीकरण करून पशुवैद्यांना दाखवावे. पालखी मार्गावरील लोणंदपासून जवळच शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.
* नवी वैरण आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावी.

बहुतांश वनस्पतिजन्य विकारांवर रामबाण औषध नाही. वेळीच बदललेली वैरण हाच खरा उपचार होय.