भंडाऱ्यात कराटेचा वर्ग सुरू करताना

बदलीमुळे म्हणा, लग्नामुळे म्हणा, आपण भंडाऱ्यात नव्याने राहायला आलात. काळा पट्टा मिळवलेला आहे, मुलांना शिकवायची मनापासून इच्छा आहे, पण इथे आपल्याला ओळखणारे कोणी नाही. अशा वेळी बरेच जण आधी फलक छापतात, हॉल भाड्याने घेतात आणि मग मुलांची वाट बघत बसतात. हा क्रम उलटा आहे. अनोळखी गावात वर्ग उभा राहतो तो पालकांच्या भरवशावर, आणि तो मिळायला वेळ लागतो.

पहिले काम नुसते बघण्याचे. सकाळ-संध्याकाळ जिल्हा क्रीडा संकुलात, मैदानांवर चक्कर मारावी. कोणते वर्ग आधीपासून चालतात, कोणत्या वेळी चालतात, फी किती आहे, हे समजून घ्यावे. तिथल्या प्रशिक्षकांना स्वतः जाऊन भेटावे. कमी फी लावून त्यांची मुले ओढण्याचा मोह अजिबात नको. भंडाऱ्यासारख्या गावात अशी गोष्ट आठवड्याभरात सगळीकडे होते.

वयस्क मंडळींशीही बोलावे. विदर्भाला व्यायामशाळा नवीन नाहीत. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभे आहे आणि त्याच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळ करून दाखवले होते. लाठी किंवा मल्लखांब केलेले आजोबा शेजारी असतील, तर आपल्या वर्गाची खरी शिफारस तेच करतील.

आता, आपण नेमके काय शिकवणार हे पालकांना सोप्या शब्दांत सांगता यायला हवे. बहुतेकांच्या लेखी सगळेच कराटे असते. कराटे हा ओकिनावा बेटांवरून जपानभर पसरलेला, ठोसा आणि लाथ यांचा प्रकार. ज्यूदोत समोरच्याला पकडून पाडतात. तायक्वांदो कोरियाचा, त्यात लाथेवर भर असतो. ‘काता’ म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींची साखळी, ‘कुमिते’ म्हणजे जोडीदारासोबतची लढत. एवढे सांगितले तरी पालकांचे अर्धे प्रश्न मिटतात.

मग जागा. हातपाय मोकळे फेकायला एका मुलाला साधारण दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद जागा लागते. म्हणजे वीस मुलांना 80 चौरस मीटर, सुमारे 860 चौरस फूट. शाळेचा हॉल किंवा समाजभवन संध्याकाळी मिळते का, ते आधी विचारावे. बोलणी तोंडी ठेवू नयेत. लग्नसराईत समाजभवन हातचे जाते आणि वर्ग महिनाभर बंद पडतो, ही नेहमीची अडचण आहे.

फरशीवर पाडण्याचा सराव कधीच घेऊ नये. एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या गाद्या येईपर्यंत फक्त उभ्याने करायच्या हालचाली शिकवाव्यात. गाद्या आल्या की सर्वांत आधी ‘उकेमी’, म्हणजे इजा न होता पडण्याची रीत शिकवावी. मुलांना उंच लाथ मारायची घाई असते. पण सायकलवरून पडल्यावर कामी येते ती उकेमीच.

कागदपत्रांत थोडक्यात एवढेच: सुरुवातीला एकट्याच्या नावावर, पावती देऊन वर्ग चालवता येतो. पुढे संस्था करायची तर संस्था नोंदणी अधिनियम 1860 नुसार किमान सात सदस्य लागतात आणि नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते.

प्रवेश अर्जावर मात्र थोडे थांबू या, कारण इथे होणारी चूक जिवावर बेतू शकते. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे. त्यात लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात. अंगातले पाणी कमी झाले किंवा शरीरावर फार ताण पडला, की असह्य वेदना सुरू होऊ शकतात. नुसत्या वाहक मुलालाही भर उन्हात दमछाक होईपर्यंत पळवणे धोक्याचे असते. म्हणून अर्जात हा प्रश्न हवाच, आणि पालकांना तो एकांतात, आपुलकीने विचारावा. आजार असेल तर डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याशिवाय सराव सुरू करू नये. पाण्याची सुट्टी सगळ्यांनाच दर पंधरा-वीस मिनिटांनी द्यावी, म्हणजे त्या एका मुलाकडे कोणाचे बोट जात नाही. ‘पाणी प्यायलास तर कच्चा राहशील’ असे म्हणणारे प्रशिक्षक अजूनही आहेत. आपण त्यांच्यातले होऊ नये.

वर्गाचे दार उघडे ठेवावे आणि पालकांना बसायला सतरंजी घालावी. मुलाचा हात धरून पवित्रा सुधारण्याआधी ‘हात लावू का?’ असे विचारावे. आठवी-नववीत गेल्या की मुली वर्ग सोडू लागतात. सोबत एखादी महिला प्रशिक्षक असेल, कपडे बदलायला आडोसा असेल आणि अंधार पडायच्या आत वर्ग सुटत असेल, तर त्यातल्या बऱ्याच जणी टिकतात.

वेळापत्रक आखताना शाळा आणि शेती दोन्हींकडे बघावे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात; नव्या वर्गाला तीच वेळ बरी. पण लाखनी, पवनी, मोहाडीकडच्या खेड्यांत वर्ग असेल तर लगेच जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी येते. घरची माणसे बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, असली की मोठ्या मुलांवर धाकट्यांची जबाबदारी पडते. त्या दिवसांतल्या गैरहजेरीवर दंड लावू नये, फी पुढे ओढावी. दिवाळीनंतर मंडयांचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, हंगाम असतो. मंडईत दहा मिनिटांचे प्रात्यक्षिक करू देतात का, ते गावकऱ्यांना विचारून बघावे. कोणत्याही फलकापेक्षा जास्त लोक ते पाहतील.

पट्ट्याच्या परीक्षेची घाई नको. ही पद्धत मूळ ज्यूदोची, म्हणजे 1882 मध्ये टोकियोत कोदोकान सुरू करणाऱ्या कानो जिगोरो यांच्या परंपरेतली. दर महिन्याला परीक्षा आणि दर परीक्षेला वेगळी फी असे सुरू झाले, की पालकांना पहिला संशय तिथेच येतो. परीक्षेचा खर्च प्रवेशाच्या दिवशीच लिहून द्यावा.

स्पर्धांच्या बाबतीतही हेच. नावात ‘राष्ट्रीय’ असलेली प्रत्येक स्पर्धा शासनमान्य नसते. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण किंवा सरकारी नोकरीतले खेळाडूंचे 5 टक्के आरक्षण मान्य स्पर्धांच्याच प्रमाणपत्रावर मिळते. त्यामुळे पैसे भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात त्या स्पर्धेचे नाव दाखवून विचारावे, आणि जाताना दोन पालकांना सोबत घेऊन जावे. तिथले उत्तर त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेले बरे.