बिनधुळीची खोली कुणासाठी?

युनियनचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला की बोनस, महागाईभत्ता आणि संप यांपलीकडे तो काही बोलणार नाही, असा श्रोत्यांचा समज असतो. आणि तो अगदीच निराधार असतो असेही नाही. तथापि आज आम्ही ज्याला सारे ‘चिप’ म्हणतात त्या नखाएवढ्या वस्तूविषयी बोलणार आहोत. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे कळले ते वाचनालयात बसून आणि जाणत्यांना विचारून. तेव्हा जसे कळले तसेच सांगतो.

पूर्वी देवादिकांची रंगीत चित्रे शिळाछापावर छापली जात. प्रत्येक रंगाला दगड निराळा. रंगावर रंग चढवताना खुणेशी खूण जुळली नाही, तर देवाचे डोळे कपाळावर जायचे! चिपचे काम जातीने तेच आहे आणि त्याचे नावही तेच, लिथोग्राफी. वाळूतून काढलेले सिलिकॉन शुद्ध करून त्याचा दंडगोल ओढतात आणि त्याच्या पातळ चकत्या कापतात. चकतीवर प्रकाशाने पालटणारा लेप देतात, नक्षीच्या पडद्यातून त्यावर प्रकाश टाकतात आणि नको तो भाग रसायनाने कोरून काढतात. नेमक्या जागी बोरॉनचे किंवा फॉस्फरसचे अत्यल्प अणू मिसळले, की त्या जागेची वीज वाहण्याची रीत बदलते. असे थरावर थर चढवून शेवटी धातूच्या बारीक तारांनी सारे जोडतात.

फरक आहे तो मापाचा. माणसाचा केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. मोहालीच्या सरकारी प्रयोगशाळेत १८० नॅनोमीटरच्या मापाचे काम होते. म्हणजे एका केसाच्या जाडीत अशा चारशेहून अधिक रेघा मावतील. तेथे धुळीचा कण म्हणजे रस्त्यात कोसळलेली दरडच. म्हणून हे काम बिनधुळीच्या खोलीत चालते. ‘शंभर दर्जा’ची खोली म्हणजे जिच्या एक घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण शंभरापेक्षा अधिक नसतात. आपल्या रस्त्यावरच्या हवेत ते लाखांनी असतात.

अशी खोली कोणत्याही एका कॉलेजाला परवडणारी नाही. मग जिल्ह्याच्या गावातल्या प्राध्यापकाने ही विद्या पुस्तकातच वाचायची काय? या प्रश्नाला आपल्या देशात एक चांगले उत्तर मिळाले आहे. २००६ साली केंद्र सरकारच्या पैशाने पवईची आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रे उभारली, आणि २००८ पासून बाहेरच्या संशोधकांना त्यांची दारे उघडली. या योजनेचे नाव ‘इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूझर्स प्रोग्रॅम’. आधी ओळखवर्ग, मग प्रत्यक्ष यंत्रावर हात बसवण्याचे शिक्षण, आणि नंतर ज्याच्या त्याच्या कल्पनेप्रमाणे प्रयोग, असा तिचा क्रम आहे. पुढे दिल्ली, मद्रास, खरगपूर आणि गुवाहाटी येथील आयआयटीही तिच्यात आल्या. विद्या एकाच छपराखाली असली म्हणजे काय होते, ते १९८९ साली मोहालीला लागलेल्या आगीने दाखवले. त्या एका आगीने देशाचे हे काम कित्येक वर्षे मागे पडले. गावची विहीर सामाईक असावी, आणि एकापेक्षा अधिक असाव्यात, हे शहाणपण येथेही खरे ठरते.

आता आमच्या मनातली शंका. आम्ही ज्या कारखान्यात टर्नर होतो, तेथे १९९६ साली संगणकावर चालणारी लेथ आली. शिकायला तीन सुपरवायझर पाठवले. वीस-वीस वर्षे लेथवर उभे राहिलेल्या टर्नरांना कोणी विचारलेसुद्धा नाही. मशीन अडले की मात्र हाक त्यांनाच येई, कारण पोलाद कसे कापले जाते ते त्यांच्या हाताला ठाऊक होते. अखेर युनियनने एका मास्तरांना विनंती करून रविवारचे वर्ग चालवले. सहा महिन्यांत अकरा जण तयार झाले. बाकीच्यांना तोवर घरी बसवले गेले होते.

चिपच्या बाबतीत हेच पुन्हा होऊ नये. २०२४ साली गुजरातेत धोलेऱ्याला ९१ हजार कोटी रुपयांचा कारखाना मंजूर झाला. ‘चिप्स टू स्टार्टअप’ या सरकारी योजनेत ८५ हजार जणांना शिकवण्याचे उद्दिष्ट आहे. ते पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन या पायऱ्यांवरचे. उत्तमच आहे. परंतु भट्टीचे तापमान सांभाळणारा, निर्वात पंप दुरुस्त करणारा, विषारी वायूच्या नळ्या तपासणारा आयटीआयचा मुलगा किंवा मुलगी यांनाही त्या खोलीत शिकण्याचा तितकाच हक्क हवा.

दुसरी गोष्ट प्रकृतीची. ती खोली चकतीला जपण्यासाठी बांधलेली असते, माणसाला जपण्यासाठी नव्हे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी चिपच्या कारखान्यातील स्त्री-कामगारांची पाहणी करून १९८८ साली ती प्रसिद्ध केली. काही विभागांत गर्भपाताचे प्रमाण अधिक आढळले. १९९२ पर्यंत आणखी दोन मोठ्या पाहण्यांतून तेच दिसले. लेपात वापरल्या जाणाऱ्या काही ग्लायकॉल ईथरांकडे बोट दाखवले गेले, आणि कारखान्यांनी ते द्रावक हळूहळू सोडले. विद्यापीठाने कामगाराकडे पाहिले म्हणून हे उजेडात आले. एरवी त्या बायांनी आपले नशीब म्हणूनच सोसले असते.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. ज्या विद्यापीठांनी ही खोली सर्वांसाठी उघडली, त्यांनी तिचे दार आणखी थोडे उघडावे. संशोधकाच्या शेजारी कारागिराला उभे करावे, आणि चकतीचे दोष मोजतात त्याच काटेकोरपणाने चकती हाताळणाऱ्याची प्रकृतीही मोजावी. आपल्या घरातली मुले उद्या त्या कामावर जातील. ती तेथे शिकून जावीत आणि धडधाकट परत यावीत, यासाठी आपण आजच बोलले पाहिजे.