कमाईचा ब्लॉग: जागा कोणाची, किल्ली कोणाकडे?

ब्लॉगमधून पैसे मिळू लागले की त्याच्या सुरक्षिततेचा अर्थ बदलतो. हौसेचा ब्लॉग महिनाभर बंद पडला तर लेखकाला हळहळ वाटते. कमाईचा ब्लॉग बंद पडला तर उत्पन्न थांबते, गुगलच्या शोधात मिळालेले स्थान घसरते आणि वाचक दुसरीकडे वळतात. म्हणून व्यासपीठ निवडताना ते फुकट आहे का, दिसते कसे, हे प्रश्न नंतरचे. आधी पाहायचे ते हे, की ब्लॉगचा पत्ता, त्यावरचा मजकूर आणि पैसे जमा होणारे खाते या तिन्हींवर अखेरचा ताबा कोणाचा आहे.

नाशिक जिल्ह्यातील ओझरचे उदाहरण घेतले तर हा प्रश्न नेमका समजतो. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या या ठिकाणाची ओळख दोन गोष्टींनी आहे: मिग विमानांसाठी १९६४ साली उभा राहिलेला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आणि निफाड, दिंडोरीच्या पट्ट्यातील द्राक्षबागा. समजा, इथून कोणी द्राक्षशेतीवर मराठीत ब्लॉग चालवतो आहे. एप्रिलच्या खरड छाटणीला त्याचे वाचक थोडे वाढतील. पण खरी गर्दी ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर. कोवळ्या फुटीवर पाऊस पडला की डाऊनी या रोगाच्या धास्तीने शेतकरी रात्री अकरालाही मोबाइलवर फवारणीची माहिती शोधतो. जाहिरातींच्या कमाईचा मोठा वाटा याच दिवसांत येणार. नेमक्या त्याच आठवड्यात ब्लॉग उघडेनासा झाला, तर पुढची गोडी छाटणी येईपर्यंत त्याची भरपाई होत नाही. व्यासपीठाची पारख अशा आठवड्यासाठी करायची असते.

दुसऱ्याच्या जागेत राहण्याचे धोके भारतातल्या ब्लॉगलेखकांनी प्रत्यक्ष पाहिले आहेत. जुलै २००६ मध्ये, मुंबईच्या लोकल गाड्यांतील स्फोटांनंतरच्या दिवसांत, दूरसंचार विभागाने मोजकी पाने बंद करण्याचा आदेश इंटरनेट कंपन्यांना दिला. अनेक कंपन्यांनी ती पाने वेगळी न काढता ब्लॉगस्पॉटसकट काही सेवा सरसकट बंद केल्या. ज्यांचा त्या पानांशी काडीचाही संबंध नव्हता, त्यांचे ब्लॉगही काही दिवस भारतात दिसेनासे झाले. दुसरा प्रसंग २०२० चा. भारतातून ब्लॉगस्पॉट उघडणाऱ्या वाचकाला गुगल २०१२ पासून काही वर्षे ‘ब्लॉगस्पॉट डॉट इन’ या पत्त्यावर नेत असे. त्या काळात लोकांनी तोच पत्ता इतरत्र दिला, जपून ठेवला. २०२० मध्ये हे नाव गुगलच्या हातून निसटले आणि दुसऱ्याच कोणाच्या नावावर गेले. ब्लॉग शाबूत होते, मूळ पत्त्यावर उघडतही होते. पण जगभर विखुरलेले लाखो जुने दुवे निकामी झाले. कंपनीने स्वतःच्या कारणाने सेवाच गुंडाळल्याची उदाहरणेही आहेत: याहूने जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केले, ट्विटरने विकत घेतलेले पोस्टरस एप्रिल २०१३ मध्ये बंद झाले.

या सर्वांवर एक उपाय पहिल्या दिवसापासून करता येतो: स्वतःचे डोमेन नाव घेणे. वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. व्यासपीठ उद्या बदलले तरी वाचकाचा पत्ता तोच राहतो आणि जुने दुवे नव्या जागी वळवता येतात. २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ हे नावही मिळते. मात्र ते टाइप करणे अनेकांना अजून सवयीचे नाही, त्यामुळे ते रोमन अक्षरांतल्या नावाच्या जोडीला घ्यावे, त्याऐवजी नव्हे. नाव कोणाच्या नावावर नोंदले आहे, याकडे सर्वांत जास्त डोळेझाक होते. गावातला किंवा नाशिकचा वेबसाइट करून देणारा माणूस सोयीसाठी डोमेन स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर घेतो. पुढे त्याच्याशी बिनसले, त्याने धंदा सोडला किंवा त्याचा फोन लागेनासा झाला, की ब्लॉगच्या खऱ्या मालकाकडे दाखवायला काही उरत नाही. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या जमिनीत बाग लावण्यासारखेच ते आहे. नोंदणीचे खाते, ईमेल आणि मोबाइल क्रमांक हे तिन्ही लेखकाचेच हवेत. काम करणाऱ्याला लागेल तेवढाच प्रवेश वेगळा द्यावा.

नूतनीकरणातही एक खास भारतीय अडचण आहे. कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीसाठी रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून आगाऊ सूचना आणि जादा पडताळणीचे नियम लागू केले. ग्राहकाच्या दृष्टीने नियम चांगलाच आहे. पण परदेशी कंपन्यांकडे ‘ऑटो रिन्यू’ लावून निर्धास्त बसलेल्या अनेकांचे पैसे त्यानंतर कापलेच जाईनात. मुदत टळलेले डोमेन सोडवायला काही आठवडे मिळतात, नंतर ते कोणीही घेऊ शकतो. आणि चालत्या ब्लॉगचे नाव उचलायला टपलेले लोक असतात. एकदम तीन-चार वर्षांचे पैसे भरणे, किंवा यूपीआय घेणाऱ्या भारतीय नोंदणीदाराकडून नाव घेऊन तारीख वहीत लिहून ठेवणे, हा यावरचा साधा मार्ग.

आता व्यासपीठाकडे. ब्लॉगस्पॉटचे पत्ते देणारी ब्लॉगर ही सेवा १९९९ मध्ये सुरू झाली आणि २००३ मध्ये गुगलने ती घेतली. तिच्यात सर्व्हर, सुरक्षा-दुरुस्त्या, कुलपाचे चिन्ह दाखवणारे एचटीटीपीएस, अचानक आलेली गर्दी पेलणे हे सारे गुगल सांभाळते आणि स्वतःचे डोमेन विनाशुल्क जोडता येते. घुसखोराला फोडायला तिथे लेखकाचा स्वतंत्र सर्व्हरच नसतो. उणीव वेगळी आहे. ब्लॉग, जीमेल आणि जाहिरातींचे अ‍ॅडसेन्स खाते सहसा एकाच गुगल खात्यावर असतात. ते खाते चोरीला गेले किंवा कंपनीने गोठवले, तर तिन्ही एकदम जातात आणि तक्रार करायला समोर माणूस मिळणे कठीण. डोमेनची नोंदणी म्हणूनच वेगळ्या ईमेलवर ठेवावी. सबस्टॅकसारख्या वर्गणीवर चालणाऱ्या सेवाही अशाच सांभाळलेल्या असतात. मात्र सबस्टॅक वर्गणीतला १० टक्के वाटा घेते आणि पैसे स्ट्राइपमार्फत देते. भारतातल्या नव्या लेखकाला स्ट्राइपचे खाते मिळते का, हे आधी तपासल्याशिवाय तिकडे वळू नये.

वर्डप्रेसच्या बाबतीत नावाने फसगत होते. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ मध्ये काढलेले वर्डप्रेस हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते कोणत्याही होस्टिंगवर बसवता येते. ‘वर्डप्रेस डॉट कॉम’ ही मात्र ऑटोमॅटिक या कंपनीची सांभाळलेली सेवा आहे. तिच्या फुकट योजनेत लेखकाला स्वतःच्या अ‍ॅडसेन्स जाहिराती लावता येत नाहीत, म्हणजे कमाईसाठी पैसे भरूनच वरची योजना घ्यावी लागते. स्वतः बसवलेल्या वर्डप्रेसमध्ये मोकळीक पूर्ण मिळते आणि राखणीची जबाबदारीही पूर्ण येते. जगातल्या सुमारे दोन पंचमांश वेबसाइट याच सॉफ्टवेअरवर चालतात. त्यामुळे एक फट सापडली की चोर एकेक ब्लॉग हेरत बसत नाहीत, स्वयंचलित प्रोग्रॅम सोडून हजारो ठिकाणी तीच फट चाचपतात. आपला ब्लॉग लहान आहे, आपल्याकडे कोण येणार, हा समज म्हणूनच घातक आहे.

वर्डप्रेसचा गाभा बऱ्यापैकी भक्कम आहे. २०१३ पासून किरकोळ सुरक्षा-दुरुस्त्या तो आपोआप घेतो. दरवाजा उघडा राहतो तो प्लगिन आणि थीममुळे. सप्टेंबर २०२० मध्ये ‘फाइल मॅनेजर’ या ७ लाखांहून अधिक साइटवर असलेल्या प्लगिनमध्ये अशी फट निघाली, की पासवर्डशिवाय कोणालाही साइटवर हवी ती फाइल चढवता येत होती. दुरुस्ती त्याच दिवशी आली. ज्यांनी ती घेतली नाही ते सापडले. याहून वाईट सवय म्हणजे विकतची थीम टेलिग्रामवरून किंवा कुठूनतरी फुकट उतरवणे. ‘नल्ड’ म्हणून मिळणाऱ्या या प्रतींमध्ये चोरवाट आधीच घातलेली असू शकते. एकदा आत शिरलेला घुसखोर ब्लॉग बंद पाडत नाही, कारण त्याला तो चालूच हवा असतो. तो जुगाराच्या जाहिरातींची शेकडो पाने लपवून ठेवतो, किंवा फक्त मोबाइलवरून, फक्त गुगलमधून आलेल्या वाचकाला भलतीकडे पाठवतो. लेखक स्वतः लॉगिन करून संगणकावर पाहतो तेव्हा सारे ठीक दिसते. बोभाटा होतो तो गुगलच्या ‘सेफ ब्राउझिंग’चा लाल इशारा झळकल्यावर.

म्हणून स्वतःचे वर्डप्रेस चालवायचे असेल तर होस्टिंग घेताना किमतीआधी चार गोष्टी विचाराव्यात: रोजची प्रत काढली जाते का, एका सर्व्हरवरच्या ग्राहकांची खाती एकमेकांपासून वेगळी बंद आहेत का, नियंत्रण-पॅनेलला द्विस्तरीय पडताळणी आहे का, आणि बिघाड झाल्यास रात्री माणूस बोलतो का. महिना शंभर-दीडशे रुपयांच्या सामायिक होस्टिंगवर यातले सगळे मिळेलच असे नाही. आणखी एक प्रत होस्टिंग कंपनीच्या बाहेर, आपल्या संगणकात किंवा दुसऱ्या क्लाउड खात्यात असलीच पाहिजे, आणि त्या प्रतीवरून ब्लॉग खरोखर पुन्हा उभा राहतो का, हे ऑक्टोबरच्या आधी, फुरसतीच्या पावसाळ्यात करून पाहावे.

ज्याचा दिवस बागेत किंवा कारखान्याच्या पाळीत जातो आणि लिहायला रात्रीचा तासभर मिळतो, त्याने स्वतःच्या डोमेनवर ब्लॉगर घेऊन सुरुवात करावी. कमाईतून चांगले व्यवस्थापित होस्टिंग परवडू लागले की मजकूर निर्यात करून वर्डप्रेसवर नेता येतो, आणि पत्ता आपला असल्याने वाचकाला बदल जाणवत नाही. उलट क्रमाने, म्हणजे स्वस्तातले वर्डप्रेस बसवून ते सहा महिने न बघता सोडून देणे, हा सर्व पर्यायांतला सर्वांत असुरक्षित पर्याय आहे.

व्यासपीठ कोणतेही असो, चोरी बहुधा लेखकाच्या खात्यातून होते. पासवर्ड प्रत्येक ठिकाणी वेगळा हवा आणि द्विस्तरीय पडताळणी शक्यतो अ‍ॅपवर किंवा पासकीवर ठेवावी. सिमकार्डाची नक्कल काढून ओटीपी पळवण्याचे प्रकार होतात. आणीबाणीचे रिकव्हरी कोड कागदावर छापून घरात ठेवावेत, कारण फोन हरवल्यावर तेच उपयोगी पडतात.

पैशाच्या बाजूला अ‍ॅडसेन्सची स्वतःची शिस्त आहे. गुगलने २०१४ च्या अखेरीस अ‍ॅडसेन्स हिंदीसाठी खुले केले आणि पुढे त्यात मराठीचीही भर पडली. कमाई १० डॉलरला पोचली की पत्ता पडताळण्यासाठी साध्या टपालाने एक पिन येतो, आणि १०० डॉलर जमल्यावर रक्कम बँकेत येते. पिन चार महिन्यांत भरला नाही तर जाहिराती थांबतात. इथे पत्ता नीट लिहिणे महत्त्वाचे आहे: ओझर नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत, जुन्नरजवळचे विघ्नहराचे ओझर तर सर्वांना ठाऊक. म्हणून ‘ओझर (मिग), ता. निफाड, जि. नाशिक’ आणि अचूक पिनकोड असाच पत्ता द्यावा. स्वतःच्या जाहिरातीवर स्वतः किंवा मित्रांकरवी क्लिक करणे म्हणजे खाते कायमचे घालवणे. एका व्यक्तीला एकच खाते मिळते. बेदाणा किंवा रोपे ब्लॉगवरून विकायची झाल्यास पैसे स्वीकारण्याचे पान पेमेंट गेटवेचेच असावे. ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक विक्रेत्याने साठवण्यास ऑक्टोबर २०२२ पासून मनाईच आहे. वाचकांचे फोन क्रमांक गोळा केले तर ते सांभाळण्याची जबाबदारी २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने येते. गरज नसलेली माहिती मुळातच घेऊ नये.

ओझरमध्ये मजकुराचीही एक सुरक्षितता आहे. सुखोईच्या उड्डाणाचे चित्रण वाचकांना आवडते, पण कारखाना, धावपट्टी आणि हवाई दलाचा दुरुस्ती तळ हा संरक्षित परिसर आहे. विनापरवाना छायाचित्र शासकीय गुपिते कायद्याच्या कक्षेत जाऊ शकते. कारखान्यातल्या कर्मचाऱ्याने नोकरीचे आचारनियम पाहून, लागेल ती परवानगी घेऊनच जोडकमाईचा ब्लॉग सुरू करावा.

सगळे करूनही घुसखोरी झालीच, तर क्रम असा: ब्लॉग देखभालीच्या नावाखाली तात्पुरता बंद करावा, स्वच्छ संगणकावरून सर्व पासवर्ड बदलावेत, अनोळखी व्यवस्थापक-खाती काढावीत, बाधा होण्यापूर्वीच्या प्रतीवरून ब्लॉग पुन्हा उभा करावा आणि सर्व प्लगिन अद्ययावत करावेत. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या हेल्पलाइन क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळेल तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त. लेखी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आणि नाशिक ग्रामीण पोलिसांकडे करता येते. त्यासाठी सर्व्हरच्या नोंदी पुसण्याआधी जपून ठेवाव्यात. साफसफाई पुरी झाल्यावर गुगलच्या ‘सर्च कन्सोल’मधून फेरतपासणी मागवली, की साधारण काही दिवसांत गुगलचा इशारा निघतो.